इतवारीचा बस्ता : गाडी करावी की एसटीने जावे?



सोयाबीनचे पैसे हाती आले, कापसाची वेचणी सुरू झाली आणि तुळशीचे लग्न आटोपले, की आपल्या भागात घरोघरी एकच बोलणे चालू होते. कोणाच्या मुलीचे जमलेले असते, कोणाच्या मुलाचे. बस्ता बांधायला नागपूरला, इतवारीला जायचे असते. दिवस ठरतो, कोणी कोणी जायचे ते ठरते, आणि मग प्रश्न येतो, जायचे कशाने? घरातले म्हातारे म्हणतात, "एसटी आहे ना, गाडीचा खर्च कशाला?" तरुण मुले म्हणतात, "गाडी सांगून टाकू. सारेच मोकळे बसून जाऊ." बहुतेक वेळा गाडीच ठरते. तिची सोय असते हे खरे, पण अलीकडे त्यात मानपानही शिरला आहे. बस्त्याला एसटीने गेलो तर सोयरे काय म्हणतील, असे घरच्यांना वाटते.

माझे काम शेतीचा सल्ला देण्याचे. कपाशीला एकरी किती खर्च आला, हे आपण बसून काढतो. बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणीची मजुरी, सगळे मांडतो. मग प्रवासाचाच हिशेब तोंडी का ठेवायचा? लग्नाच्या खर्चात साडीच्या दुकानात शंभर रुपयांसाठी घासाघीस होते आणि गाडीवाल्याला दोन-अडीच हजार न विचारता दिले जातात. म्हणून हा लेख. गाडी वाईट आणि एसटी चांगली, असे मला सांगायचे नाही. कोणत्या कामाला काय करावे आणि गाडी करायचीच तर काय पाहून करावी, एवढेच सांगायचे आहे.

आधी बाजार कसा आहे ते पाहा

इतवार म्हणजे रविवार. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी अशी वारांची नावे नागपुरातल्या जुन्या वस्त्यांना आणि बाजारांना आहेत. मोटारी आल्या त्याच्या किती तरी आधीपासूनचा हा बाजार आहे, आणि त्याचे रस्तेही त्याच काळाचे आहेत. शहीद चौकापासून आत शिरलात की एकेका मालाची एकेक ओळ लागते. सराफा वेगळा, भांडे ओळ वेगळी, किराणा ओळ वेगळी. कापडासाठी शेजारचे गांधीबाग. मूर्ती आणि चित्रांची चितार ओळ तिकडे सेंट्रल एव्हेन्यूच्या अंगाला. या गल्ल्यांत हातगाड्या, हमाल, दुचाक्या, ई-रिक्षा आणि गिऱ्हाईक यांची इतकी दाटी असते, की पायी चालणारा पुढे जातो आणि मोटारीतला माणूस भोंगा वाजवत मागे राहतो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुम्ही दारातून गाडीत बसलात तरी दुकानाच्या दारात उतरणार नाही. गाडी बाजाराबाहेर कुठे तरी जागा पाहून उभी राहील आणि तिथून पुढे तुम्ही पायीच जाल. गाडी भलत्या ठिकाणी लावली तर वाहतूक पोलिसांची उचलगाडी ती घेऊन जाते. मग दंड कोणी भरायचा, यावरून चालकाशी वाद होतो तो निराळाच. दिवसभर तुम्ही या ओळीतून त्या ओळीत फिरत असता आणि गाडी नुसती उभी असते. तिचे भाडे मात्र चालूच असते.

आणखी एक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, याच भागातून काळी आणि पिवळी मारबत निघते. शंभराहून अधिक वर्षांची ही मिरवणूक पाहायला लाखभर लोक लोटतात. ती पाहायला जरूर जा, पण त्या दिवशी खरेदी ठेवू नका आणि गाडी तर मुळीच नेऊ नका. एरवीही प्रत्येक ओळीची सुटी ठरलेली असते. ज्या दुकानात जायचे तिथे आदल्या दिवशी फोन करून विचारा. सात माणसे गाडीतून उतरली आणि दुकानाला कुलूप, असे व्हायला नको.

हिशेब मांडून पाहू

आता कागद-पेन्सिल घ्या. पुढचे आकडे समजुतीसाठी धरले आहेत. तुम्ही तुमच्या गावचे अंतर आणि आजचे दर घालून पुन्हा मांडा.

समजा, गाव इतवारीपासून ६० किलोमीटरवर आहे. जाणारे सातजण: दोन पुरुष, तीन बायका, पंच्याहत्तरी ओलांडलेले आजोबा आणि नऊ वर्षांची नात.

गाडीचा दर किलोमीटरला १५ रुपये धरला तर जाऊन-येऊन १२० किलोमीटर आणि शहरातले फिरणे १५, म्हणजे १३५ किलोमीटरचे २,०२५ रुपये. त्यावर चालकाचा भत्ता, जेवण आणि गाडी उभी करण्याचे पैसे मिळून ४७५ धरा. झाले अडीच हजार.

एसटीचे एकेरी तिकीट १०० रुपये धरू. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. ७५ वर्षांपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलांनाही अर्धेच. म्हणजे दोन पुरुषांचे २००, तीन बायकांचे १५०, नातीचे ५० आणि आजोबांचे काही नाही. एकेरी ४००, दुहेरी ८००. शहरातल्या मेट्रोचे आणि ऑटोचे ४०० धरा. झाले बाराशे. भांडी आणि कापडाचे गाठोडे घरी पोचवायला हमाली आणि ट्रान्सपोर्टचे ५०० लागले, तर सतराशे.

म्हणजे सातजण आणि भरपूर सामान असेल तर फरक आठशे रुपयांचा. तेवढ्यात आजोबांचे पाय वाचतात, बायकांची दगदग वाचते आणि सामान त्याच दिवशी घरी येते. एखाद्या घराला हे पैसे वसूल वाटतील आणि त्यात गैर काही नाही.

पण हाच हिशेब नवरा-बायको दोघांसाठी करा. एसटीचे दुहेरी ३०० आणि शहरातले १००, मिळून ४०० रुपये. गाडीचे अडीच हजार तसेच राहतात, कारण गाडीचे भाडे माणसे मोजत नाही. इथे फरक एकवीसशेचा झाला. एवढ्यात घरात एक बरी साडी येते.

तेव्हा पहिला नियम असा. दोन-चार माणसे आणि हातात मावेल एवढे सामान असेल तर एसटी किंवा रेल्वे. सहा-सात माणसे, त्यांत म्हातारे आणि लहान मुले, आणि वर ओझेही असेल, तरच गाडीचा विचार.

एसटी, रेल्वे आणि मेट्रो

आपली जुनी पिढी इतवारीला जायची ती छोट्या लाइनच्या गाडीने. नागभीड, भिवापूर, उमरेड, कुही इकडची माणसे त्या गाडीत बसून थेट इतवारी स्टेशनला उतरत. सावनेर-छिंदवाड्याकडूनही तशीच छोटी गाडी यायची. छिंदवाड्याची छोटी लाइन २०१५ साली आणि नागभीडची २०१९ साली रुंदीकरणासाठी बंद झाली. छिंदवाड्याच्या बाजूला आता मोठी लाइन झाली आहे. त्या आगगाडीच्या आठवणीने अजूनही पुष्कळजण म्हणतात, "आता काय, गाडी केल्याशिवाय इतवारी नाही." तसे नाही. पर्याय बदलले आहेत, संपलेले नाहीत.

काटोल, नरखेड, वर्धा, पुलगाव, तुमसर रोड, वरठीचे भंडारा रोड, रामटेक, सावनेर या गावांच्या आसपास राहणाऱ्यांनी आधी रेल्वेची वेळ पाहावी. तिकीट सर्वांत स्वस्त आणि म्हाताऱ्यांना फलाटावरचे शौचालयही मिळते. मात्र गाडी नागपूर स्टेशनला जाते की इतवारीला, हे तिकीट काढतानाच विचारा. रामटेक, सावनेर आणि गोंदियाकडच्या काही गाड्या इतवारीपर्यंतच असतात. आणि इतवारी स्टेशन म्हणजे इतवारी बाजार नव्हे. उतरल्यावर बाजारापर्यंत ऑटो किंवा ई-रिक्षा करावी लागते. बसण्यापूर्वी भाडे ठरवा.

एसटीने गणेशपेठला उतरणाऱ्यांनी आणि नागपूर स्टेशनला उतरणाऱ्यांनी मेट्रोची भीती सोडावी. नागपूरची मेट्रो ७ मार्च २०१९ रोजी सुरू झाली आणि सीताबर्डी ते प्रजापतीनगर हा सेंट्रल एव्हेन्यूवरून जाणारा भाग ११ डिसेंबर २०२२ पासून चालू आहे. आपल्या कामाची तीच लाइन. तिच्यावर सीताबर्डीनंतर क्रमाने कॉटन मार्केट, नागपूर रेल्वे स्टेशन, दोसर वैश्य चौक, अग्रसेन चौक आणि चितार ओळ चौक अशी स्थानके येतात. गांधीबाग-इतवारीसाठी अग्रसेन चौक किंवा चितार ओळ चौकात उतरावे. मेयो रुग्णालयात कोणाला भेटायचे असेल तर दोसर वैश्य चौक. गणेशपेठच्या बसस्थानकाहून कॉटन मार्केटचे मेट्रो स्थानक जवळ आहे. रेल्वेने आलात तर संत्रा मार्केटच्या बाजूने बाहेर पडा. खिडकीवर स्थानकाचे नाव सांगितले की तिकीट मिळते. वर जायला सरकता जिना असतो आणि लिफ्टही असते. आजीला जिन्याची भीती वाटत असेल तर लिफ्टने न्या.

मेट्रोत मोठी गाठोडी, भांड्यांची पोती नेऊ नयेत. आत जाताना सामान तपासतात. जाताना मेट्रो, येताना ओझे असेल तर ऑटो, अशी वाटणी करा.

एसटीच्या बाबतीत दोन गोष्टी पाळा. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळी उतरतानाच चौकशीच्या खिडकीवर विचारून कागदावर लिहून घ्या, आणि त्या गाडीवर विसंबू नका. त्याच्या आधीची गाडी धरा. शेवटची चुकली तर रात्री घाईघाईत जी गाडी करावी लागते ती दिवसाच्या दीडपट पैसे घेते, आणि गाडी कशी आहे हे पाहायची सोयही उरत नाही. दुसरे, तिकीट घरी पोचेपर्यंत जपून ठेवा. २०१६ पासून एसटीच्या तिकिटात अपघात सहाय्यता निधीचा एक रुपया असतो. दुर्दैवाने अपघात झाला तर जखमींना किंवा वारसांना त्यातून मदत मिळते, आणि त्या वेळी तिकीट हा पुरावा ठरतो.

पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेऊ नका

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. घरातल्या कर्त्या माणसाने तो एकदा मोठ्याने वाचून दाखवावा.

गावात गाडी सांगायची म्हणजे बहुधा ओळखीच्याच कोणाची तरी घरगुती गाडी घेतात. "डिझेल टाका आणि वर हजार द्या," असा सौदा होतो. टॅक्सीपेक्षा स्वस्त पडते. पण मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे भाड्याने माणसे नेणाऱ्या गाडीला परवाना लागतो. अशा गाडीच्या नंबराची पाटी पिवळी असते आणि अक्षरे काळी. स्वतः चालवायला भाड्याने मिळते त्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी. विजेवरच्या गाड्यांची पाटी हिरवी असते. भाड्याची असेल तर तिच्यावर अक्षरे पिवळी, घरगुती असेल तर पांढरी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे घरगुती गाडी. तिचा विमा घरगुती वापरासाठी उतरवलेला असतो. त्या विम्याच्या अटींत भाड्याने माणसे नेणे बसत नाही.

सगळे सुखरूप झाले तर कोणी विचारत नाही. पण परतताना काही घडले, तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते, की गाडी भाड्याने होती का? तशी ती होती असे दिसले, की कंपनी हात आखडता घेऊ शकते. मग नुकसानभरपाईचा दावा वर्षानुवर्षे रेंगाळतो. जखमी माणसाचा दवाखाना तोपर्यंत थांबत नाही. शेवटी एकीकडे ज्याच्या घरचे माणूस गेले तो आणि दुसरीकडे ज्याने ओळखीखातर गाडी दिली तो, असे एकाच गावचे दोन शेतकरी समोरासमोर उभे राहतात. हजार-पाचशे वाचवण्यासाठी दोन्ही घरांनी हा धोका पत्करू नये.

ओळखीच्या माणसाला काही न घेता, घरोब्याने, आपल्या गाडीतून नेणे ही वेगळी गोष्ट आहे. पैसे ठरवून नेणे वेगळे.

गाडी ठरवताना एवढे विचारा

एक : पाटी पिवळी आहे का? विमा आणि योग्यता प्रमाणपत्राची मुदत आहे का? गाडीचा नंबर सरकारच्या परिवहन ॲपमध्ये घातला की दोन्ही तारखा दिसतात. घरात मोबाईल हाताळणारी मुलगी किंवा मुलगा असतो. हे काम त्यांना द्या.

दोन : दर किलोमीटरचा की दिवसाचा? किलोमीटर कुठून मोजणार, तुमच्या दारापासून की गाडीवाल्याच्या गावापासून? टोल, उभे राहण्याचे पैसे, चालकाचे जेवण कोणाकडे? रात्री किती वाजल्यानंतर जास्तीचे पैसे? हे सारे आधी बोला आणि मोबाईलवर लिहून पाठवा.

तीन : चालक आदल्या रात्री कुठे होता? लग्नसराईत चालक वरात पोचवून पहाटे येतो आणि सकाळी आपल्या दारात उभा राहतो. न झोपलेल्या चालकाच्या हाती घरची सात माणसे देऊ नका. त्याला दुपारी गाडीत झोपू द्या आणि जेवायला आपल्यासोबत बोलवा.

चार : सात जणांच्या गाडीत चालक धरून सातच. "मुले मांडीवर घेऊ" म्हणत बारा माणसे बसवू नका. बस्त्याचा उत्साह समजतो, पण जायचे असणाऱ्या प्रत्येकाला नेलेच पाहिजे असे नाही.

पाच : परतायची वेळ ठरवा आणि ती पाळा. आपल्या रस्त्यांवर अंधार पडला की मागे दिवा नसलेल्या बैलबंड्या आणि कापसाच्या ट्रॉल्या असतात. दिवस मावळायच्या आत शहराबाहेर पडलात तर निम्मी काळजी मिटली.

सर्वांत सोयीचा मार्ग : दोन फेऱ्या

माझा सल्ला असा. बस्त्यासाठी दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीला घरातली पारख असलेली दोन-तीन माणसे एसटीने किंवा रेल्वेने जाऊ द्या. त्यात एखादी जाणती बाई हवीच. चार दुकाने पाहा, भाव विचारा, वहीत लिहा. त्या दिवशी काही विकत घ्यायचे नाही. हाती सामान नसते, दाराशी गाडी थांबलेली नसते, म्हणून घाई नसते. चालकाने "उशीर होतो" म्हटले की माणूस भाव न करता उठतो. गाडीचे खरे नुकसान पुष्कळदा असे होते आणि ते भाड्यात दिसत नाही.

दुसऱ्या फेरीला वधू-वरासह सगळ्यांनी जावे. तेव्हा हवी तर गाडी करा, पण ती इतवारीत शिरवू नका. नागपूरच्या चारही अंगांना मेट्रो आता शहराच्या कडेपर्यंत गेली आहे. वर्धा रोडने येणाऱ्यांना खापरी, हिंगण्याकडून लोकमान्यनगर, कामठीकडून ऑटोमोटिव्ह चौक आणि भंडारा रोडने प्रजापतीनगर. तिथे गाडी उभी करता येते का ते आधी विचारून घ्या, माणसे मेट्रोत बसवा आणि बाजार पायी करा. खापरी किंवा ऑटोमोटिव्ह चौकातून बसलात तर सीताबर्डीला लाइन बदलायची. बाकी दोन्ही ठिकाणांहून चितार ओळीपर्यंत थेट गाडी आहे. खरेदी संपली की चालकाला फोन करून सेंट्रल एव्हेन्यूवर ठरलेल्या जागी बोलवा आणि हमालाकडून सामान तिथे आणवा.

आंदणाची भांडी, कपाट असे जड सामान असेल तर दुकानदाराला विचारा. तालुक्याच्या गावापर्यंत ट्रान्सपोर्टने माल पाठवायची सोय पुष्कळांकडे असते. बिल्टी मात्र हातात घ्या आणि वर नग किती ते लिहून घ्या. एका गावातली तीन-चार लग्ने जवळ जवळ असतील तर सर्वांनी मिळून एकच मालगाडी करावी. ट्रॅक्टर सामाईक घेतो, मग हे का नाही?

सोने घ्यायचे असेल त्या दिवशी मात्र गर्दीच्या बसपेक्षा परवानाधारक गाडी बरी. दुखण्याच्या माणसालाही गाडीच न्या. फार तातडीचे असेल तर १०८ ला फोन करा. ती रुग्णवाहिका मोफत असते. गरोदर बाईसाठी आणि नवजात बाळासाठी १०२ आहे. अशा वेळी भाड्याचा हिशेब करत बसू नये.

आणि वऱ्हाडासाठी पाच-सहा जीपगाड्या सांगण्याऐवजी जवळच्या एसटी आगारात जाऊन प्रासंगिक कराराची चौकशी करा. ठरलेल्या दिवसासाठी पूर्ण बस मिळते. सारे वऱ्हाड एकत्र जाते, परवान्याची आणि विम्याची चिंता राहत नाही. लग्नाच्या तारखांना मागणी जास्त असते, म्हणून चौकशी लवकर करा.

या रविवारी जेवणे झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी बसून वर मांडला तसा हिशेब आपल्या गावच्या अंतराने मांडून पाहा. बायकांना आणि म्हाताऱ्यांना त्यात बोलू द्या, कारण दगदग त्यांनाच जास्त होते. हिशेबानंतर गाडी ठरली तर खुशाल करा, फक्त पाटी पाहून करा. एसटी ठरली तर वाचलेले पैसे मुलीच्या नावाने वेगळे काढून ठेवा. सोयऱ्यांना गाडीचे अप्रूप चार दिवस असते. मुलीला ते पैसे कधी तरी उपयोगी पडतील.